होम असिस्टंट (घरातले सेन्सर, दिवे, मोटर एका जागेवरून चालवणारं सॉफ्टवेअर) गावच्या घरी बसवायचं आहे, घरी फक्त आई-वडील असतात. जुन्या मिनी पीसीवर डॉकरमध्ये (एकाच मशीनवर प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायची सोय) टाकू की त्याचं स्वतःचं ओएस टाकू? रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) पण आहे.

घरी फक्त आई-वडील असतात ना, मग विषय संपला. मिनी पीसी घ्या आणि अख्खा होम असिस्टंट ओएसला देऊन टाका. डॉकर नको.

हे इतकं ठासून सांगतोय कारण आमच्या साताऱ्याच्या घरी याच्या उलट झालं होतं. तिथलं सगळं दाजींनी बसवलं. दाजी हिंजवडीत सर्व्हर सांभाळतात, त्यामुळे घरात कॉम्प्युटरच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. मी तेव्हाही ओएस टाका म्हणत होतो. "ते नवशिक्यांसाठी असतं रे," असं म्हणून त्यांनी आपला जुना लॅपटॉप काढला, त्यावर डेबियन हे लिनक्स, त्यावर डॉकर. होम असिस्टंट एका कंटेनरमध्ये, मॉस्किटो (उपकरणांचे निरोप इकडून तिकडे पोचवणारं) दुसऱ्यात, झिगबीटूएमक्यूटीटी (झिगबी या वायरलेस पद्धतीच्या सेन्सरांशी बोलणारं) तिसऱ्यात. बघायला देखणं होतं, नाही म्हणत नाही.

लॅपटॉपला दोन यूएसबी वस्तू होत्या: झिगबीचा डोंगल (सेन्सरांचा सिग्नल पकडणारी यूएसबी कांडी), आणि सोलर इन्व्हर्टरचं रीडिंग वायरीवरून घेणारा आरएस-४८५ कन्व्हर्टर. डॉकरच्या सेटिंगच्या, म्हणजे कंपोज, फाइलमध्ये एकाचा पत्ता टीटीवाययूएसबी-शून्य, दुसऱ्याचा टीटीवाययूएसबी-एक; हे नंबर लिनक्स चालू होताना सापडेल त्या क्रमाने वाटतं. ज्यांना कळायचं त्यांना पुढचं कळलंच असेल.

ऐन एप्रिलात रात्री लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे तोही गेला. पहाटे लाइट आली, पण लॅपटॉप आपणहून चालू होत नाही, कोणीतरी बटण दाबावं लागतं. अप्पांनी दाबलं. चालू होताना दोन्ही यूएसबींनी नंबर अदलाबदल केले आणि झिगबीवालं सॉफ्टवेअर इन्व्हर्टरच्या वायरीशी गप्पा मारायला गेलं. टाकीची लेव्हल दिसेना, मोटर ऑटोवर लागेना. आणि नेमकी नळाला पाणी यायची वेळ. आईचा मला फोन, माझा दाजींना, दाजी मीटिंगमध्ये. आईला फोनवर एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून कमांड देणं) कसं करायला सांगू? शेवटी अप्पांनी स्टार्टरचं हिरवं बटण दाबून मोटर लावली आणि पेपर वाचत बसले. मोटर आपली आपण बंद होते ही इतक्या महिन्यांची सवय. टाकी भरून वाहिली ती थेट शेजारच्या काकूंच्या पत्र्यावर, आणि पत्र्यावर त्यांच्या कुरडया वाळत होत्या. काकू आजही विषय काढतात.

दाजींचं म्हणणं, "यात डॉकरचा काय दोष? बाय-आयडीचा, म्हणजे त्या वस्तूच्या स्वतःच्या ओळखीवरचा, पत्ता द्यायला हवा होता, तो बदलत नाही." शंभर टक्के खरं. पण तो पत्ता द्यायची आठवण ठेवणं हे कंटेनरच्या वाटेला तुमचं काम आहे, आणि सर्व्हर सांभाळून पोट भरणारा माणूससुद्धा ते विसरला. ओएसवर ओळखीचा डोंगल खोचला की होम असिस्टंट बहुधा स्वतःच विचारतं, हा जोडू का, आणि पक्का पत्ता स्वतःच धरतं.

पुढच्या सुट्टीत मी पुण्याहून ऑफिसातून निघालेला एक सेकंडहँड मिनी पीसी नेला, ८ जीबी रॅम आणि एसएसडीवाला. त्याच्या बायोसमध्ये एक सेटिंग असतं, लाइट परत आल्यावर काय करायचं त्याचं. ते 'पॉवर ऑन' करून ठेवलं. पद्धत कुठलीही निवडा, पण हे आधी करा, गावाकडे तर हवंच. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा हे मिळत नाही, म्हणून फुकट मिळाला तरी लॅपटॉप नको.

आता तुमच्या प्रश्नाचं राहिलेलं. ओएसमध्ये ॲड-ऑन, म्हणजे जोडीला टाकायची सॉफ्टवेअरं मिळतात (आता त्यांना 'ॲप्स' म्हणतात). मॉस्किटो, झिगबीटूएमक्यूटीटी, ईएसपीहोम (स्वतः बनवलेल्या वायफाय सेन्सरांसाठी), टेलस्केल (दुरून घरच्या मशीनपर्यंत पोचायला), सगळं तिथूनच टाकायचं आणि तिथूनच अपडेट करायचं. कंटेनरमध्ये ॲड-ऑन नाहीत, प्रत्येक गोष्ट तुम्ही वेगळी उभी करायची आणि वेगळी सांभाळायची. शिवाय ओएस डिस्कवर दोन जागा ठेवतं: अपडेट दुसऱ्या जागी उतरतं, आणि नवीन चालू झालं नाही तर जुन्यावर परत येता येतं. डेबियनवर दुरून अपग्रेड मारून हात जोडून बसण्यापेक्षा हे बरं.

यूट्यूबवर होम असिस्टंट टाकायच्या 'सुपरवाइज्ड' आणि 'कोअर' पद्धतीचे जुने व्हिडिओ दिसतील. बघू नका. या दोन्ही पद्धती बंद करत असल्याचं २०२५ च्या मे महिन्यात जाहीर झालं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपर्यंत त्यांचा सपोर्ट संपला. ३२-बिटच्या जुन्या मशीनचंही तेच. आता ओएस आणि कंटेनर, दोनच.

पाय ४ चालतो, पण एसडी कार्डावर नको. होम असिस्टंट सेन्सरचा डेटा मुळात दर ५ सेकंदांनी डेटाबेसात लिहीत असतं आणि १० दिवसांचा साठा ठेवतं. त्या लिहिण्याने कार्ड झिजतं. यूएसबीवर एसएसडी लावणार असाल तर बघा. मिनी पीसी हातात असताना ती उठाठेव कशाला, हे मला कळत नाही.

टाकताना एक गोष्ट अडते. विंडोजसारखा 'नेक्स्ट नेक्स्ट' इन्स्टॉलर नसतो. पेनड्राइव्हवरून उबुंटू लाइव्ह (डिस्कवर न टाकता चालणारं लिनक्स) चालू करायचं आणि त्यातल्या 'डिस्क्स'मधून होम असिस्टंट ओएसची जेनेरिक एक्स८६-६४ (साध्या पीसीची) इमेज आतल्या डिस्कवर उतरवायची. आधीचं सगळं पुसलं जातं, फोटोबिटो असतील तर आधी काढून घ्या. बायोसमध्ये यूईएफआय चालू, सिक्युअर बूट बंद. मग दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये त्या मशीनचा पत्ता ८१२३ पोर्टवर उघडा. झिगबीचा डोंगल मीटरभराच्या एक्स्टेन्शन केबलवर लांब ठेवा, यूएसबी ३ च्या पोर्टाजवळ झिगबीचा २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल मार खातो. बॅकअप दुसरीकडे जाईल असा लावा, आणि त्याच्या एन्क्रिप्शनची किल्ली मेलवर ठेवा. ती नसेल तर बॅकअप असून नसल्यासारखा.

पाण्याची मोटर जोडणार असाल तर छोट्या स्मार्ट स्विचवरून थेट चालवू नका, मध्ये कॉन्टॅक्टर (मोटरचा जास्त करंट झेलणारा मोठा स्विच) घाला, आणि तो इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या. हाताने चालवायचा स्टार्टर काढू नका. वर टाकीत फ्लोट स्विचही (पाणी भरलं की तरंगून बंद होणारा) ठेवा, सॉफ्टवेअर मेलं तरी मोटर थांबली पाहिजे. आम्ही तो आता लावलाय.

आता डॉकरवाले चिडतील म्हणून सांगतो. त्याच पीसीवर आधीच बाकीची कामं चालू असतील तर कंटेनर ठीक आहे, किंवा प्रॉक्समॉक्स (एका पीसीत अनेक आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून ओएस त्यातल्या एका व्हीएममध्ये, म्हणजे आभासी कॉम्प्युटरमध्ये, चालवा, ते मला जास्त पटतं. दाजींच्या हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये आजही कंटेनरच आहे आणि बिनतक्रार चालतंय, हे ते दर दिवाळीला सगळ्यांसमोर ऐकवतात. चालेल नाही तर काय, ते स्वतः राहतात तिथे. साताऱ्याच्या मशीनचा पासवर्ड मात्र मी त्यांना अजून दिलेला नाही.