गाव रिकामं असताना भरणारं अधिवेशन

प्रिय बाळ,

तुझं पत्र परवा मिळालं, दोनदा वाचलं. पहिल्यांदाच आमदार म्हणून निवडून आलेल्या ताईंच्या कार्यालयात तू रुजू झालीस हे वाचून फार बरं वाटलं. ताईंनी आरोग्य, समता आणि पर्यावरण हे तीन विषय लावून धरायचं ठरवलंय आणि तू त्यांच्या तीन वेगळ्या फायली केल्यास, असं लिहिलंयस. मी तीस वर्षं आमदारांचे प्रश्न लिहून दिले, तेव्हा आधी त्या फायलींबद्दलच बोलतो.

तुमच्या बीडच्या भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. तुझी आई किती हंगाम गेली हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचं एक माप, आणि उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, दोघांवर मिळून. बाई आजारी पडली की खाडा, म्हणजे बुडालेल्या दिवसाचा दंड, आणि तो उचलीतून कापला जातो. कारखान्याजवळच्या तळावर राहायला कोपी, म्हणजे झोपडी असते, संडास नसतो. पाळी असो की पोटात पोर असो, पहाटे अंधारात फडात जायचं आणि डोक्यावर मोळी वाहायची. अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं, पण खाडा परवडत नाही म्हणून दुखणं अंगावर काढायचं. शेवटी गावाकडच्या एखाद्या दवाखान्यात कुणीतरी सांगतं, ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल.’ पिशवी म्हणजे गर्भाशय. आणि ही बाई तोडीला जाते का, तर डोंगरकपारीतल्या कोरडवाहू रानात दिवाळीनंतर पाणी नसतं म्हणून. ज्या उसासाठी ती जाते, तो मात्र थोड्या जमिनीवर उभा राहून राज्याच्या सिंचनाचं बहुतेक पाणी पितो.

आता सांग, ही बाई तू कुठल्या फायलीत घालशील? माझं ऐक, तिन्ही फायली एकत्र बांध आणि वर तिच्या गावाचं नाव लिही.

हा विषय सभागृहात आला कसा, ते नीट समजून घे. बीड जिल्ह्यात पिशव्या काढल्या जातात हे गावोगाव माहीत होतं, पण सरकारी कागदावर ते नव्हतं. जून २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांनी विधान परिषदेत तो प्रश्न उपस्थित केला. उत्तरात तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी आकडा दिला, तीन वर्षांत ४,६०५ शस्त्रक्रिया. पुढे गोऱ्हे यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. या आकड्याशी थोडा वेळ बस. खासगी दवाखान्यात अशी शस्त्रक्रिया करायची तर आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागेल, हा बीडमधला नियम त्याच धडपडीतून आला.

सगळं सुरू झालं ते प्रश्नाला मिळालेल्या उत्तरातून. उत्तर सभागृहात वाचलं गेलं की ते शासनाचं होतं, ते सहजासहजी मागे घेता येत नाही. म्हणून प्रश्न लिहिणं हे तुझं सगळ्यात मोठं काम आहे, सत्काराच्या पत्रिका आणि बदल्यांच्या शिफारसी नंतर.

मी सुरुवातीला एक प्रश्न असा लिहिला होता: ‘अमुक प्राथमिक आरोग्य केंद्रात कर्मचारीवर्ग अपुरा असल्याने रुग्णांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय?’ उत्तर आलं, ‘हे खरे नाही.’ पुढच्या सगळ्या भागांना, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ मी चिडलो आणि केंद्रावर गेलो. डॉक्टरांच्या दोन्ही जागा कागदावर भरलेल्या होत्या. एक डॉक्टर प्रतिनियुक्तीवर दुसऱ्या तालुक्यात, दुसरे दीर्घ रजेवर. खुर्च्या रिकाम्या, पण उत्तर कायद्यानं बिनचूक! त्या वर्षी त्या गावातल्या बाळंतिणी तीस किलोमीटरवर गेल्या. तो दोष माझ्या शब्दांचा होता आणि मी तो विसरलेलो नाही. तेव्हापासून मी असं विचारायला लागलो: मंजूर पदे किती, भरलेली किती, प्रतिनियुक्तीवर किती, आणि अमुक महिन्यात प्रत्यक्ष हजर किती? ‘अपुरा’, ‘गैरसोय’, ‘दुर्लक्ष’ या शब्दांना अधिकारी सहज नाही म्हणू शकतो. आकडा मागितला की त्याला कपाट उघडावं लागतं.

तोडीच्या बायकांबद्दलही तसंच विचार. गेल्या वर्षी तालुक्यात पिशवी काढण्याच्या किती शस्त्रक्रियांना परवानगी मागितली गेली, किती नाकारल्या? पस्तिशीच्या आतल्या किती? किती रोख पैसे भरून झाल्या, किती सरकारी आरोग्य योजनेतून? टोळ्या निघण्याआधी आणि परतल्यावर किती जणींची तपासणी झाली, आणि किती जणींचं हिमोग्लोबिन कमी निघालं? तळावर पिण्याच्या पाण्याचा नमुना शेवटचा कधी तपासला? आरोग्य, महिला व बालविकास, सहकार, कामगार, पाणीपुरवठा, प्रत्येक खात्याला त्याचा-त्याचा तुकडा वेगळा विचार, नाहीतर एक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळं होतं. ‘माहिती घेण्यात येत आहे’ असं उत्तर आलं तर डायरीत तारीख टाक आणि पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न पुन्हा दे. मंत्र्यांनी ‘तपासून कारवाई करू’ म्हटलं तर ते वाक्य कार्यवृत्तातून शब्दशः उतरवून घे आणि आश्वासन समितीकडे, म्हणजे मंत्र्यांनी दिलेला शब्द पाळला का हे बघणाऱ्या विधिमंडळाच्या समितीकडे, त्याचा माग काढ. हे कंटाळवाणं काम आहे आणि कॅमेरे त्यासाठी येत नाहीत.

आता एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. नागपूरचं हिवाळी अधिवेशन डिसेंबरात, मुंबईचं अर्थसंकल्पीय फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. या दोन्ही वेळी तुमची गावं रिकामी असतात. वस्तीवर म्हातारी माणसं आणि शाळेसाठी मागे ठेवलेली पोरं. ज्यांच्याबद्दल सभागृहात बोलायचं, ती माणसं तेव्हा सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात एखाद्या कारखान्याच्या तळावर असतात. मतदान तुमच्याकडे, घाम दुसऱ्याच्या मतदारसंघात, त्यामुळे तिथल्या आमदाराच्या यादीत ती नसतात आणि तुमच्या नजरेआड असतात. अंगणवाडीचा आहार गावातल्या पटावर निघतो, पोर तळावर उपाशी. म्हणून अधिवेशनाआधी ताईंना एकदा तळावर घेऊन जा. मुकादमाला, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराला, निरोप न देता जा, बायका फडातून परततात त्या वेळी. पुढाऱ्यांचं हार-तुऱ्यांचं वाहन गावात ठेवा. तुझी ओळख तुझ्या आईच्या नावानं सांग, बाकी काही सांगायला लागणार नाही.

ठराव किंवा कायदा झाला म्हणजे काम झालं असं मानण्याचा मोह फार मोठा असतो. त्यावर मी नेहमी सीताराम केशव बोले यांची आठवण काढतो. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात त्यांनी ठराव आणला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालयं, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या एका यादीत पाणी, शाळा आणि दवाखाना एकत्र आहेत. ठराव मंजूर झाला. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचं ठरवलं. तळ्यावर प्रत्यक्षात अस्पृश्यांपैकी कुणालाही जाता येत नव्हतं. म्हणून १९२६ मध्ये बोले पुन्हा उभे राहिले, या वेळी मागणी होती की ज्या संस्था ठराव पाळत नाहीत त्यांचं अनुदान रोखा. मग २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ते पाणी प्याले. त्यानंतर नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला, दावा चालला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागला १९३७ मध्ये. ठरावापासून चौदा वर्षं. मला यातलं १९२६ चं वर्ष सगळ्यात मोलाचं वाटतं. आपलाच मंजूर झालेला ठराव घेऊन परत उभं राहायला आणि पैशाची नाडी धरायला फार चिकाटी लागते.

बाबासाहेबांनी पुढे त्याच कौन्सिलात, १९२८ मध्ये, गिरणी-कारखान्यांतल्या बायकांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणं हे देशाच्याच हिताचं आहे, म्हणून त्याचा भार सरकारनंही उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये तो कायदा झाला. तोडीच्या बाईला मात्र बाळंतपणाचाही खाडा पडतो. ताईंच्या पहिल्या भाषणात आणखी काही नसलं तरी चालेल, हे असू दे.

मृणाल गोरे यांचं कामही वाच. गोरेगावच्या वस्त्यांत पाण्यासाठी मोर्चे काढणारी ही बाई विधानसभेत गर्भलिंगचाचणीविरुद्ध अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदारानं मांडलेलं विधेयक, घेऊन उभी राहिली. १९८८ मध्ये महाराष्ट्रानं तसा कायदा केला, देशाचा कायदा १९९४ चा. तरीही राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली १९९१ ला ९४६ होत्या, २००१ ला ९१३ आणि २०११ ला ८९४. बीडमध्ये २०११ ला ८०७. कायदा नसता तर काय झालं असतं ते सोड. तालुक्यात सोनोग्राफीची केंद्रं किती, गेल्या वर्षात किती तपासली आणि किती खटले उभे राहिले, हे विचारायला ताईंना सांग. हे विचारल्यावर काही वजनदार माणसांचे फोन येतील. फोन आला की नाव आणि वेळ लिहून ठेव, आवाज चढवू नकोस, प्रश्न मागे घेऊ नकोस.

तुला भीती वाटते असंही लिहिलंयस. ते मी वाचलं. तुझ्या जागी मलाही वाटली होती, आणि मी तर तळावर जन्मलेला नव्हतो.

प्रश्नांचा कच्चा मसुदा दसऱ्याआधी पाठव, टोळ्या निघायच्या आत. तोवर आईला एकदा विचार, तिच्या टोळीतल्या किती बायकांची पिशवी काढली होती. नावं लिहू नकोस, फक्त वय आणि वर्ष. ती यादी मसुद्याला जोड, मी लाल शाईनं दुरुस्त करून धाडतो.

तुझा,
काका