तुमचे प्रश्न: फॅक्सवालं ऑल-इन-वन घेताय? आधी फोनची लाईन बघा

प्रश्न: नमस्कार दादा. उरणला आमचं कस्टम क्लिअरिंगचं छोटं ऑफिस आहे, मी, भाऊ आणि दोन पोरं, सगळं काम न्हावा शेव्याचं. आतापर्यंत साधा लेझर प्रिंटर आणि वेगळा स्कॅनर यावर भागवलं, आता दोन्ही टेकीला आलेत. महिन्याला साधारण अडीच हजार पानं निघतात, जवळपास सगळी ब्लॅक, स्कॅनिंग मात्र दिवसभर चालू. नवीन एक्स्पोर्टर पार्टी मिळालीय, तिचं जपानचं गिऱ्हाईक कागदपत्रांतले बदल फॅक्सवरच कळवतं, त्यामुळे पार्टी म्हणते तुमच्याकडे फॅक्स नंबर पाहिजेच. दुकानदार इंक टँक घ्या म्हणतो, मित्र म्हणतो सेकंडहँड मोठं झेरॉक्स मशिन घे. बजेट पंचवीस-तीस हजार. काय करू?

उत्तर: पार्टी तुमची थट्टा करत नाहीये. जपानमध्ये फॅक्स अजून जोरात आहे, हाताने लिहिलेला मजकूर आणि त्यावर मारलेला शिक्का जसाच्या तसा पोचतो हे तिथल्या ऑफिसवाल्यांना सोयीचं वाटतं. २०२१ मध्ये तारो कोनो नावाच्या मंत्र्यांनी सरकारी खात्यांतले फॅक्स बंद करायला घेतले तर खात्यांकडूनच शेकड्यांनी हरकती आल्या आणि ते प्रकरण तिथेच थंड पडलं. तेव्हा ‘आता कोण फॅक्स वापरतं’ म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

पण मशिन बघायच्या आधी एक काम करा. ऑफिसमधला लँडलाईन फोन कुठून येतो ते बघा. भिंतीतून तांब्याची वायर सरळ फोनला आलीय, की इंटरनेटच्या फायबरच्या डब्याच्या मागच्या फोनच्या खाचेतून? आता बहुतेक ठिकाणी दुसरा प्रकार असतो, बीएसएनएलनेही ठिकठिकाणी तांब्याच्या लाईन काढून फायबर दिलंय. बोलायला काहीच फरक जाणवत नाही, फॅक्सला मात्र खूप जाणवतो. कारण फॅक्स म्हणजे दोन मशिनांनी एकमेकांशी सूर लावून बोलणं असतं, पाठवणारं ११०० हर्ट्झची शिट्टी देतं, घेणारं २१०० हर्ट्झची, मग कुठल्या स्पीडने बोलायचं ते दोघं ठरवतात आणि पान जायला लागतं. फायबरवर तुमचा आवाज इंटरनेटच्या पाकिटांत तुकडे होऊन जातो, एखादं पाकीट उशिरा पोचलं किंवा हरवलं तर माणसाच्या कानाला कळत नाही पण मशिनचा सूर तुटतो, आणि पान अर्ध्यावर अडकून ‘कम्युनिकेशन एरर’ येतो. वर आवाज दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवायची सोय चालू असेल तर विषयच संपला. मग लोक मशिनला शिव्या देतात, सर्व्हिसवाला येऊन मदरबोर्ड बदला म्हणतो, आणि मशिनमध्ये काहीच बिघाड नसतो!

यावर उपाय आहेत. फोन कंपनीला फोन करून विचारा की तुमच्या लाईनवर टी.३८ चालतं का, हे खास इंटरनेटच्या लाईनवरून फॅक्स नेण्यासाठीच केलेलं आहे. कस्टमर केअरच्या पोराला बहुधा कळणार नाही, लाईनमनला विचारा. ते नसेल तर मशिनमध्ये स्पीड खाली आणायचा. सुपर जी३ (फॅक्सची वेगवान पद्धत) वाली मशिनं ३३.६ केबीपीएसवर बोलायला जातात, साधी जी३ वाली १४.४ वर, आपण ९६०० वर, म्हणजे ९.६ केबीपीएसवर, आणायचं आणि ईसीएम म्हणजे चुका दुरुस्त करायची सोय बंद करायची. ईसीएम चालू असलं की खराब तुकडा पुन्हा पुन्हा मागितला जातो आणि वाईट लाईनवर तेच मागणं चालू राहून कॉल तुटतो, बंद केलं की पानावर एखादी रेघ येईल पण पान पोचेल. ब्रदरच्या मशिनांत हे सगळं एका ठिकाणी आहे, कंपॅटिबिलिटीमध्ये जाऊन ‘बेसिक फॉर व्हीओआयपी’ निवडलं की झालं. आणि लाईनवरचं कॉल वेटिंग आजच बंद करून घ्या, मध्येच ती टुंक वाजली की फॅक्स गेला कामातून. आयएसडी चालू आहे का तेही बघा, नाहीतर फॅक्स यायचे तेवढे येतील पण तुम्हाला उलट पाठवता येणार नाही.

दुकानदाराशी बोलताना एकच अट घाला: मशिन माझ्या ऑफिसात, माझ्या लाईनवर लावून पाच-सहा पानं आत आणि पाच-सहा पानं बाहेर करून दाखव, मग पैसे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून दोन हजार वाचवून आणलेल्या मशिनला ही सोय मिळत नाही. फॅक्ससाठी म्हणून माझं मत पनवेल-उरणच्या जवळच्या डीलरकडे झुकतं.

आता कुठलं मशिन. इंक टँक वाईट नाही. एप्सनच्या छोट्या मशिनांना लागणारी ००३ नंबरची काळी बाटली कंपनीच्या हिशोबाने ४,५०० पानं देते, पानामागे खर्च अगदी किरकोळ. पण फॅक्स आणि वरचा कागद ओढणारा फीडर दोन्ही असलेलं टँक मशिन घ्यायला गेलात की किंमत बरीच वर सरकते, आणि तुमच्याकडे कलर जवळपास नाहीच. शिवाय इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, डिलिव्हरी ऑर्डर असले कागद ट्रान्स्पोर्टवाल्याच्या हातात, ट्रकच्या डॅशबोर्डवर आणि पावसात फिरतात. छोट्या टँक मशिनांत बरेचदा डाय शाई असते, तिच्यावर पाण्याचा थेंब पडला की आकडा पसरतो, कंटेनर नंबर पसरला तर पुढचं मी तुम्हाला सांगायला नको. लेझरचा टोनर म्हणजे बारीक प्लास्टिकची भुकटी, उष्णतेने कागदावर चिकटवलेली, ती पाण्याने हलत नाही. (प्लास्टिकच्या फोल्डरला मात्र तीच भुकटी उन्हात चिकटून बसते आणि अक्षरं कागद सोडून फोल्डरवर येतात, महत्त्वाचा कागद स्वस्तातल्या फोल्डरमध्ये घालून गाडीत ठेवू नका.)

तर ब्लॅक लेझर, फॅक्स, फीडर आणि आपोआप दोन्ही बाजू छापणारं. पण सगळ्यात स्वस्त मॉडेलवर उडी मारू नका, इथे थोडा हिशोब करा. ब्रदरच्या छोट्या लेझर मशिनांत टोनर वेगळा आणि ड्रम (टोनर कागदावर उठवणारा रूळ) वेगळा असतो, उदाहरणार्थ २३६५ नंबरचा टोनर २,६०० पानांचा आणि त्याच नंबरचा ड्रम १२,००० पानांचा. तुमची अडीच हजार पानं धरली तर दर महिन्याला एक टोनर आणि पाच महिने व्हायच्या आत ड्रम. एचपीच्या १२ए किंवा ८८ए मध्ये ड्रम कार्ट्रिजमध्येच असतो, तिथे ड्रमचा वेगळा खर्च दिसत नाही पण कार्ट्रिज छोटं, १२ए २,००० पानांचं आणि ८८ए १,५०० चं. आणि हे सगळे आकडे पानावर पाच टक्के शाई धरून काढलेले असतात, म्हणजे पत्रासारखं मोकळं पान. तुमचे फॉर्म चौकटींनी गच्च भरलेले, त्यामुळे प्रत्यक्षात कमीच निघणार. म्हणून बजेट ताणून ज्याला मोठा टोनर बसतो असं एक पायरी वरचं मॉडेल बघा, वर्षभरात वरचे पैसे टोनरमध्येच वसूल होतात. ब्रोशरवर ‘मंथली ड्युटी सायकल १५,००० पानं’ असलं मोठ्ठं छापलेलं असतं तिकडे बघूच नका, त्याच्या खाली बारीक अक्षरात रेकमेंडेड व्हॉल्यूम असतो तो वाचा, तुमची अडीच हजार त्यात बसली पाहिजेत.

रिफिलचं म्हणाल तर सगळेच करतात, पण आताच्या कार्ट्रिजवर चिप असते, रिफिल करणाऱ्याकडे त्या मॉडेलची चिप मिळते का ते मशिन घ्यायच्या आधी त्यालाच फोन करून विचारा. नव्या मशिनबरोबर येणारा टोनर बहुतेक वेळा स्टार्टर असतो, अर्धवट भरलेला. पहिल्या महिन्यातच संपला म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

स्कॅनिंग हा तुमचा खरा धंदा आहे, आणि मशिन दाखवताना दुकानदार नेमकं त्यावरच बोलत नाही. फीडर दोन्ही बाजू एका दमात स्कॅन करतो की फक्त एक बाजू ते विचारा. ‘ड्युप्लेक्स’ लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा छपाईचं असतं, स्कॅनिंगचं नाही, यात भलेभले फसतात. कस्टमच्या ई-संचितवर (कागदपत्रं ऑनलाइन टाकायची सोय) टाकायच्या पीडीएफला साईझची मर्यादा आहे, म्हणून मशिनवर ब्लॅक अँड व्हाईट २०० डीपीआयचं एक बटण कायमचं सेट करून ठेवा, पोरं कलर ३०० वर स्कॅन करतात आणि मग फाईल अपलोड होत नाही म्हणून बोंबलतात. स्कॅन करून थेट ईमेल करायचं असेल आणि जीमेल वापरत असाल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही, २०२२ च्या मे अखेरीपासून गुगलने ते बंद केलंय, टू-स्टेप (दोन टप्प्यांचं लॉगिन) चालू करून ॲप पासवर्ड काढायचा आणि तो मशिनमध्ये भरायचा. थेट कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये टाकायचं असेल तर मशिन एसएमबी (नेटवर्कवरून फोल्डरमध्ये फाईल टाकायची पद्धत) २ किंवा ३ वर चालणारं पाहिजे. मित्र म्हणतोय त्या सेकंडहँड मोठ्या मशिनांची गोची इथेच होते, बरीच जुनी मशिनं एसएमबी १ शिवाय चालत नाहीत आणि विंडोज १० नव्याने टाकलं की ते बंदच असतं, सिक्युरिटीच्या कारणाने, आणि ते बंदच राहिलेलं बरं. शिवाय तसल्या मशिनांत फॅक्सचा बोर्ड वेगळा घ्यावा लागतो आणि तो शोधत फिरा. दिवसाला पाचशे झेरॉक्स मारायच्या असत्या तर मीच म्हटलं असतं घ्या.

दोन गोष्टी राहिल्या. लेझरला यूपीएसवर लावू नका. आतला फ्यूजर (टोनर कागदावर चिकटवणारा गरम भाग) तापताना क्षणभर हजार वॉटच्या आसपास ओढतो, सहाशे व्हीएचा यूपीएस टुंई करून बसतो आणि बरोबर कॉम्प्युटरही बंद. सरळ भिंतीतल्या पॉवर पॉईंटवर. आणि तोक्योत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेपाच, म्हणजे फॅक्स येणार तेव्हा ऑफिसला कुलूप. ऑटो रिसिव्ह चालू ठेवा, ट्रे भरून निघा. कागद संपला तर फॅक्स मेमरीत थांबतो, पण लाईट गेली की बऱ्याच मशिनांत मेमरीतलं उडतं, म्हणून आलेला फॅक्स लगेच छापायचं सेटिंग बरं. फायबरच्या डब्याला मात्र छोटा यूपीएस लावा, तो बंद म्हणजे फोनही बंद. लाईनवर काही केल्या जमलंच नाही तर इंटरनेट फॅक्सची सर्व्हिस घ्या, नंबर मिळतो आणि आलेला फॅक्स पीडीएफ होऊन ईमेलवर पडतो, मग फॅक्स नसलेलं मशिन घेऊन ते पैसे चांगल्या फीडरवर घाला.

प्रश्न: मी साताऱ्याला वकिली करते. ऑल-इन-वन घेतलं, डब्यावर ‘लीगल साईझ सपोर्टेड’ आहे, पण काचेवर लीगल कागद ठेवला की खालचा भाग बाहेर राहतो. फसवलं का मला?

उत्तर: नाही हो ताई, फसवलं नाही, पण सांगितलंही नाही. त्या मशिनची काच ए४ ची असते, म्हणजे २९७ मिलिमीटर लांब, आणि लीगल कागद १४ इंच म्हणजे ३५६. लीगल जातो तो ट्रेमधून छपाईला आणि वरच्या फीडरमधून स्कॅनला. सुटा, नवा कागद असेल तर फीडरमधून खुशाल घाला. जुना स्टँप पेपर, शिवलेलं खरेदीखत, टाचणीची भोकं पडलेला सातबारा असलं काही मात्र फीडरमध्ये अजिबात घालू नका, रोलरने ओढून फाडला तर अशिलाला काय सांगणार. असे कागद काचेवर दोन भागांत स्कॅन करून जोडा, किंवा लीगल काच हवीच असेल तर लीगल काचेचं किंवा ए३ चं मोठं मशिन लागतं. आता सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२० पासून ए४ कागद आणि दोन्ही बाजूंनी छपाई लागू केली आहे, त्यामुळे नवीन कामासाठी लीगलची गरज कमी होत जाईल, जुन्या दस्तांसाठी मात्र ती राहणारच. स्टँप पेपरवर छापायचं तर मागची फळी उघडून मॅन्युअल स्लॉटमधून एकेक घाला, कागद सरळ जातो, वळत नाही, अडकत नाही.

प्रश्न: कुडाळला आमचं दुकान आहे, जून लागला की मशिनमध्ये रोज पेपर जॅम. सर्व्हिसवाला रोलर बदलून गेला, तरी तेच.

उत्तर: रोलरचा दोष नसावा, कागद दमट झालाय. रिम फोडली की उरलेली तशीच टेबलावर ठेवता ना? दमट कागद लेझरच्या उष्णतेत गेला की वाकतो आणि बाहेर पडायच्या आधीच अडकतो, कधी दोन कागद चिकटून जातात. पावसाळ्यात ट्रेमध्ये दिवसभराला लागतील तेवढेच कागद ठेवा, बाकी रिम तिच्याच वेष्टणात गुंडाळून झाकणाच्या डब्यात. संध्याकाळी ट्रेमधले उरलेलेही डब्यात. ७० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन) पातळ कागद वापरत असाल तर चार महिने ७५ किंवा ८० घ्या, आणि मशिनच्या सेटिंगमध्ये पेपर टाईप ‘थिन’ करून बघा, त्याने फ्यूजरची उष्णता कमी होते आणि वाकणं बरंच थांबतं. एवढं करूनही अडकला तर कागद नेमका कुठे अडकतो त्याचा मोबाईलवर फोटो काढा, आत जाताना की बाहेर येताना, आणि तो फोटो सर्व्हिसवाल्याला पाठवा. आत जाताना अडकत असेल तर रोलरच, बाहेर येताना असेल तर फ्यूजरकडे बघायला सांगा.