कौतुक केले तर मुले शेफारतात का?

हा प्रश्न पालक मला वरचेवर विचारतात. परळच्या एका आईनेही तो विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तिची मुलगी सीएच्या अंतिम परीक्षेत तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाली होती आणि त्यानंतर घरात बोलेनाशी झाली होती.

मुलीशी एकटीशी बोलल्यावर उलगडा झाला. निकाल सांगताच वडील म्हणाले होते, "छान. देवापुढे साखर ठेव आणि आता नोकरीचं बघ." या परीक्षेत प्रत्येक विषयात किमान 40 टक्के आणि ग्रुपच्या, म्हणजे विषयांच्या गटाच्या, एकूण गुणांत 50 टक्के लागतात; मागच्या खेपेस तिचे सगळे विषय निघाले होते, पण एकूण गुण थोडक्यात हुकल्याने तो ग्रुप पुन्हा द्यावा लागला होता. "पार्टी नकोच होती मला. कसं निभावलंस, एवढं तरी विचारायचं," ती म्हणाली.

मानसशास्त्रज्ञ शेली गेबल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2004 मधील संशोधनात असे दिसले, की चांगली बातमी जवळच्या माणसाला सांगितल्याने आनंद वाढतो आणि ऐकणाऱ्याने उत्साहाने, रस घेऊन प्रतिसाद दिला तर अधिकच वाढतो. माझ्या मते समारंभाचे प्रयोजन हेच आहे. खर्च किती झाला याला फारसे महत्त्व नाही. मूल शेफारते ते न केलेल्या कष्टांची वाहवा झाल्यावर, केलेल्या कष्टांची दखल घेतल्याने नव्हे.

वडिलांना भीती होती ती दृष्ट लागण्याची. ती मी खोडून काढत बसले नाही. वर्षभर पहाटे साडेचारला उठून मुलीसाठी चहा ठेवणारे तेच होते. तिचे जागरण त्यांनी जवळून पाहिले होते, फक्त तसे कधी बोलून दाखवले नव्हते. रविवारी घरच्या घरी औक्षण करावे आणि त्या वेळी वडिलांनी हे सारे तिला सांगावे, असे ठरले.

आईची एक शंका उरली होती. शेजारचा मुलगा त्याच परीक्षेत नापास झाला होता. त्यांच्याकडे पेढे कोणत्या तोंडाने न्यायचे? मी म्हटले, लपवाछपवी केलीत तर आपली कीव केली जाते आहे, असे त्याला वाटेल. मुलीलाच जाऊ द्या आणि आधीच्या दोन प्रयत्नांविषयीही तिलाच मोकळेपणाने बोलू द्या. ती गेली. ऑडिटच्या पेपरवर दोघे बराच वेळ बोलत बसले आणि पुढच्या प्रयत्नासाठी त्याने तिच्या टिपणांच्या वह्या मागून घेतल्या.