एका पुस्तकात नसलेली राज्यघटना

भावा, तू विचारलंयस, "बायकोला न्यूझीलंडला नर्सची नोकरी लागलीय, पण ज्या देशाला लिखित राज्यघटनाच नाही, तिथं पोरांना घेऊन कुणाच्या भरवशावर यायचं?" कोल्हापूरच्या कोर्टात रोज उभं राहणाऱ्याला हा प्रश्न पडणारच.

घटना लिहिलेलीच नाही असं नाही, ती एका पुस्तकात नाही. १८४० चा ब्रिटिश राजसत्तेनं इथल्या मूळ रहिवाशांशी, म्हणजे माओरींशी केलेला वायतांगी करार, १९८६ चा घटना कायदा, १९९० चा हक्कांचा कायदा, असे तुकडे आहेत. उरलेलं रूढींवर चालतं. १९८४ साली पंतप्रधान मल्डून निवडणूक हरले. देश चलनसंकटात होता. जिंकलेल्या विरोधी पक्षाच्या लाँगींनी सांगितलं, न्यूझीलंड डॉलरचं अवमूल्यन करा. त्यांचा शपथविधी अजून व्हायचा होता आणि मल्डून ऐकेनात. मावळत्या सरकारनं येणाऱ्याचं ऐकायचं, ही फक्त रूढी. शेवटी स्वतःच्याच सहकाऱ्यांच्या दबावापुढं ते नमले. १९८६ चा कायदा त्या धड्यातूनच आला.

आता तुझ्या मुद्द्याचं. केशवानंद भारती खटल्यातल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून आपल्या संसदेलाही घटनेची मूळ चौकट मोडता येत नाही. इथं संसदेचा कायदा कोर्टाला रद्द करता येत नाही. मतदानाचं वय १८ ठेवणं हा १६-१७ वर्षांच्या पोरांशी भेदभाव आहे, असं इथल्या सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये जाहीर केलं. वय १८ च राहिलं. कायदा अडवायला आपल्या राज्यसभेसारखं वरचं सभागृहही १९५१ पासून नाही. हे मला आजही खटकतं.

म्हणून इथं जोर कायदा होण्याआधी लावायचा. कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच यावं म्हणून तुम्ही वकिलांनी जितका चिवटपणा दाखवलात, तितका लागतो. निवासी व्हिसा मिळाला आणि इथं सलग १२ महिने राहिलास, की भारतीय पासपोर्टवरही संसदेसाठी मत देता येतं. निवडणूक दर ३ वर्षांनी. नाव नोंदवायला विसरू नकोस.

त्याआधीही तोंड बंद ठेवायचं कारण नाही. विधेयक संसदीय समितीकडं गेलं, की निवेदन कुणीही देऊ शकतं. भाड्याच्या घरांबद्दलच्या एका विधेयकावर मी दीड पान लिहून पाठवलं, तर बोलायला पाच मिनिटं मिळाली. स्वयंपाकघरात उभा राहून फोनवर बोललो. एका खासदार बाईंनी विचारलं, "ओल कुठल्या खोलीत आहे?" मी पोरीच्या पलंगामागची काळी बुरशी सांगितली. तेव्हा मला मतदानाचा हक्क नव्हता, नुसता वर्क व्हिसा होता.