पाहुण्यांसमोरचा हात

प्रिय मावशी,
माझी लेक सहा वर्षांची, पहिलीत आहे. पहिल्यापासून डावखुरी. सासूबाईंना ते अजिबात चालत नाही. 'तो हात नको' हे जेवताना रोजचंच. शाळेतल्या बाईही पेन्सिल काढून उजव्या हातात देतात. मी सासूबाईंशी भांडले, बाईंना जाऊन भेटले. १३ ऑगस्टला डावखुऱ्यांच्या दिवसाचं स्टेटस ठेवलं, अमिताभ, सचिन, स्मृती मानधना सगळ्यांचे फोटो लावून. मी स्वतः तिला कधीच टोकत नाही. फक्त पाहुणे आले की डोळ्यांनी खुणावते, मग ती आपणहून हात बदलते, तशी शहाणी आहे. हल्ली पाहुण्यांत तिला भूकच नसते म्हणा. सासूबाईंना कसं समजावू? आणि तिला कागद कापायला जमत नाही, कात्री घेतली की रडते, त्याचं काय करू?
— एक आई, नाशिक (पत्र संक्षिप्त)

अगं, चार पानांच्या पत्रातली साडेतीन पानं सासूबाईंना दिलीस आणि खरी गोष्ट दोन ओळींत उरकलीस. पाहुणे आले की तू डोळ्यांनी खुणावतेस.

आजी ओरडते ते सगळ्या घराला ऐकू येतं. लेक चिडते, रडते, तुझ्याकडे तक्रार घेऊन येते. तुझ्या खुणेची तक्रार तिने कुणाकडे न्यायची? आजीचं म्हणणं तिने कधी मनावर घेतलं नाही, तुझं घेतलंय. म्हणून तर एका नजरेत हात बदलते. त्याला तू शहाणपण म्हणतेस! चारचौघांत आईला आपली लाज वाटते, एवढं तिला कळलंय. त्यावर तिने तिच्यापुरता तोडगाही काढलाय: भूकच नाही म्हणायचं. परक्या हाताने वरणभात सांडत बसण्यापेक्षा उपाशी राहिलेलं बरं. मला राग आलाय तो याचा, आणि तुझाच आलाय.

स्टेटसचं म्हणशील, तर हा दिवस १९७६ सालापासून साजरा होतो आणि चांगलाच आहे. दहा माणसांत साधारण एक डावखुरं, त्यांच्याकडे वर्षातून एकदा लक्ष गेलं तर कुणाचं बिघडत नाही. पण तू लावलेले फोटो जरा नीट बघ. सचिन लिहितो डाव्या हाताने, खेळला उजव्याने. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. स्मृतीची तर गंमतच आहे. ती मूळची उजव्या हाताची. सांगलीच्या त्या घरात वडिलांना डावखुरी फलंदाजी आवडायची, म्हणून पोरगी डावीने खेळायला शिकली. तिथे उजव्या हाताच्या मुलीला हौसेने डावी बाजू दिली. तुझ्या घरात जन्मजात डावखुरी मुलगी आहे आणि तिला पंगतीत हात लपवावा लागतो. फोटो लावणाऱ्या बाईला हे दिसू नये?

सासूबाईंचं फार मनाला लावून घेऊ नकोस. त्यांच्या म्हणण्याला निदान कारण तरी आहे: डावा हात धुण्याचा, म्हणून तो ताटात नको. मग त्यांना विचार, या मुलीचा धुण्याचा हात कोणता? उजवा. म्हणजे त्यांच्याच हिशेबाने तिने डाव्याने जेवायला हवं. तेवढ्यानेही भागलं नाही, तर मखरातल्या बाप्पाची सोंड कुठल्या बाजूला वळलीय ते दाखव. घरोघरी डाव्याच सोंडेचा बसवतात. अष्टविनायकांतही उजव्या सोंडेचा एकटा सिद्धटेकचा, आणि त्याचं सोवळं किती कडक ते सासूबाई तुलाच सांगतील.

कात्रीचं रडणं मात्र खरं आहे, त्यात तिची काही चूक नाही. साधी कात्री उजव्या हाताच्या दाबावर चालते. उजव्या हाताने दाबली की अंगठा आणि बोटं पाती एकमेकांवर घट्ट आणतात. तीच डाव्या हातात गेली की तोच दाब पाती फाकवतो, कागद कापला न जाता मध्येच दुमडतो. वर आखलेली रेघ पात्याआड जाते, ती वेगळीच. डावखुऱ्यांची कात्री ऑनलाइन मिळते. घेताना नुसती मूठ बघू नकोस. दोन्ही हातांना चालते म्हणून विकतात ती बहुतेकदा उजवीच असते. डाव्या हातात धरल्यावर वरचं पातं डावीकडे आलं पाहिजे. लिहिताना वही घड्याळाच्या काट्याच्या दिशेने थोडी तिरकी ठेवू दे आणि पेन्सिल टोकापासून जरा वर धरू दे, म्हणजे लिहिलेलं दिसेल आणि हाताखाली फासणार नाही. शाळेत तिला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा म्हणावं, शेजारणीशी कोपराकोपरी होणार नाही. आणि हातातली पेन्सिल काढून घेणं आजपासून बंद, हे बाईंना तोंडी सांगून झालंय, आता मुख्याध्यापकांना लेखी दे.

ही कामं कुणीही करेल. तुझं काम गणपतीच्या पहिल्या दिवशीचं आहे. घरी पंगत असेल, तुझ्या नणंदा येतील, सोसायटीतले येतील. आदल्या रात्री लेकीला जवळ घेऊन सरळ सांग: उद्या तू डाव्याच हाताने जेवायचंस, सगळ्यांसमोर, आणि मी खूण करणार नाही. मी आजवर केली ते चुकलं, हेही सांग. मुलांना आईने असं म्हटलेलं चालतं, आजीला चालेल की नाही याचंच काही खरं नाही. मग तिला आत स्वयंपाकघरात नाही, पंगतीतच बसव, डाव्या टोकाला. आमटीची वाटी आपण ताटात उजवीकडे ठेवतो, तिची डावीकडे ठेव. चटणी-कोशिंबीर उजवीकडे गेली म्हणून बाप्पा रागावत नाही.

कुणीतरी म्हणेलच, 'अगंबाई, ही डाव्या हाताने जेवते?' त्यावर 'हो, डावखुरी आहे ती. तुम्हाला वरण वाढू का अजून?' एवढंच म्हणायचं. समजावत बसायचं नाही, हसून वेळ मारून न्यायची नाही, 'सवय मोडतोय हळूहळू' तर अजिबात नाही. आणि हे बोलताना लेकीकडे बघू नकोस, बोलणाऱ्याकडे बघ.

गणपती झाले की ती किती जेवली ते मला कळव. सासूबाईंचं नंतर बघू.

— मावशी