गावात अभ्यासिका बांधण्यासाठी शासनाचा निधी कसा मिळवावा आणि मिळाल्यावर तो कसा सांभाळावा?

कळंब तालुक्यातील आपल्या गावी स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी तरुण मंडळाला अभ्यासिका बांधायची आहे, आमदारांना दोनदा निवेदन देऊनही काही हालचाल झालेली नाही आणि निधी मिळालाच तर मंडळाने हिशेब कसा ठेवावा, असे आपण विचारले आहे. परभणी जिल्ह्यातील एका लहान ग्रामपंचायतीचा मी पाच वर्षे सरपंच होतो. त्या काळात जी कामे झाली आणि जी हातची गेली, त्या दोन्हींवरून लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे निवेदनाला निधी मिळत नाही. निधी मिळतो तो गावाच्या विकास आराखड्यात नोंदलेल्या, जागेचा कागद असलेल्या आणि अभियंत्याने अंदाजपत्रक केलेल्या कामाला. आपल्या दोन्ही निवेदनांवर पोच मिळाली असेल, कदाचित शिफारसही झाली असेल. पण शिफारस जिल्हा नियोजन कार्यालयात पोहोचली की तिथे हीच तीन कागदपत्रे मागितली जातात आणि ती नसतील तर प्रस्ताव त्रुटीत निघतो. त्यामुळे आधी ही तयारी करावी, निवेदन मागाहून द्यावे.

त्यासाठी काम कोणत्या शीर्षाखाली, म्हणजे शासनाच्या कोणत्या निधीत, बसते हे पाहावे लागेल. ग्रामविकास विभागाचे 2515 हे लेखाशीर्ष, ज्याला सगळे 'पंचवीस पंधरा' म्हणतात, ते लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या मूलभूत सुविधांच्या कामांसाठी आहे आणि त्यात सभागृहांची कामे होतात. आमदारांचा स्थानिक विकास निधी वर्षाला 5 कोटी रुपये असतो, पण तो संपूर्ण मतदारसंघात वाटला जातो हे ध्यानात ठेवावे. जनसुविधा योजनेचा निधी मुख्यतः स्मशानभूमी आणि ग्रामपंचायत कार्यालय यांसाठी असतो. तिथे अभ्यासिका मागण्यात वेळ घालवू नये. अभ्यासिकेची जागा अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्तीत असेल, तर त्या वस्त्यांच्या विकासाच्या योजनेखाली जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे विचारणा करता येते.

माझ्या मते मात्र आपण सुरुवात वित्त आयोगाच्या निधीपासून करावी, कारण तो गावाच्या हक्काचा आहे आणि त्यासाठी कोणाची शिफारस लागत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचे राज्यात जे वाटप झाले, त्यात 80 टक्के ग्रामपंचायतीला आणि प्रत्येकी 10 टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला असा हिशेब होता. ग्रामपंचायतीच्या वाट्यातील 60 टक्के रक्कम बंधित, म्हणजे निम्मी स्वच्छतेसाठी आणि निम्मी पाण्यासाठी, तर उरलेली 40 टक्के अबंधित होती. त्या आयोगाचा कालावधी 2025-26 पर्यंतचा आहे आणि 2026-27 पासून सोळाव्या आयोगाचा निधी सुरू होतो, तेव्हा नव्या निधीत बंधित-अबंधित किती, हे आपल्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून प्रथम समजून घ्यावे. अबंधित निधी राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतील 29 विषयांवर खर्च करता येतो, पगार व आस्थापनेवर करता येत नाही. आणि त्या 29 विषयांत ग्रंथालये आहेत. कोणी 'अभ्यासिका यात बसत नाही' असे म्हणाले, तर हा विषय दाखवून द्यावा.

हे काम 'आमचं गाव, आमचा विकास' या ग्रामपंचायतीच्या वार्षिक आराखड्यात यावे लागते आणि तो ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या ऑनलाइन प्रणालीवर चढवावा लागतो. पुढील वर्षाचा आराखडा साधारण 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून आकार घेऊ लागतो, त्यामुळे मार्चमध्ये जागे होऊन उपयोग नाही. ग्रामसभेला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी जी संख्या कमी असेल, तेवढी गणपूर्ती लागते. आपल्या मंडळाने खरी मेहनत इथे घ्यावी. चाळीस-पन्नास तरुण, त्यांच्या आया आणि बहिणी सभेला बसल्या, तर विषय पुढे ढकलला जात नाही. त्याआधीच्या महिला सभेतही अभ्यासिकेची मागणी नोंदवून घ्यावी, कारण शिकवणी वर्गाला शहरात जाऊ न शकणाऱ्या मुलींची गरज तिथेच नीट मांडली जाते. ठरावात कामाचे नाव, जागेचा मालमत्ता क्रमांक आणि सूचक-अनुमोदक स्पष्ट लिहिलेले असावेत, आणि ठरावाची प्रत त्याच आठवड्यात हाती घ्यावी.

जागेविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण माझे सर्वांत मोठे नुकसान तिथे झाले. आमच्या गावातील एका ज्येष्ठ गृहस्थांनी वाचनालयासाठी दोन गुंठे जागा भर ग्रामसभेत देऊ केली. सभेने त्यांचा सत्कार केला, नारळ फुटला, पण बक्षीसपत्राची नोंदणी 'करू पुढच्या महिन्यात' म्हणत राहून गेली. प्रशासकीय मान्यता मिळाली, कार्यारंभ आदेश निघायच्या बेतात होता आणि तेवढ्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या एका मुलाने हरकत घेतली. तो त्याचा हक्कच होता. चूक माझी होती. वारसांची समजूत निघेपर्यंत निधीची मुदत संपली, रक्कम परत गेली आणि त्या जागेवर आजही कडब्याची गंजी उभी आहे. म्हणून दान मिळणारी जागा असेल, तर नोंदणीकृत बक्षीसपत्र झाल्याशिवाय एकही पाऊल पुढे टाकू नये. गायरानाचा विचार तर सोडूनच द्यावा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या निकालानंतर ती वाट फार अवघड झाली आहे. गावठाणातील, नमुना 8 ला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत, ग्रामपंचायतीच्याच नावे लागलेली जागा सर्वांत उत्तम. जिल्हा परिषद शाळेची एखादी खोली रिकामी पडून असेल, तर तिची रीतसर परवानगी आणि दुरुस्ती हाही कमी खर्चाचा मार्ग आहे.

अंदाजपत्रकाच्या वेळी आपल्यापैकी कोणी तरी अभियंत्यासोबत प्रत्यक्ष जागेवर उभे राहावे. आपल्याकडची काळी भारी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया पुरेसा खोल नेऊन मुरमाची भर दाबून घातली नाही, तर दोन वर्षांत भिंतींना तिरप्या चिरा पडतात. ही भर अंदाजपत्रकात धरली आहे ना, हे विचारावे. पुढे काम सुरू झाल्यावर मुरूम पडण्याआधी खड्ड्याचे मोजमाप होऊन त्याची मोजमाप पुस्तिकेत नोंद झालीच पाहिजे, आणि टेप लावलेला फोटो काढून ठेवला पाहिजे. खड्डा एकदा बुजला की त्याची खोली कोणालाच मोजता येत नाही, आणि गावातले अर्धे वाद या बुजलेल्या खड्ड्यांवरून होतात.

हिशेबाबाबत आपला एक गैरसमज दूर करतो. या योजनांतील बांधकामाचा पैसा सहसा मंडळाच्या खात्यात येत नाही; तो ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग यांसारख्या कार्यान्वयन यंत्रणेमार्फत खर्च होतो. वित्त आयोगाच्या निधीचे देयक सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्या डिजिटल स्वाक्षऱ्यांनी निघते, एकट्याला ते काढता येत नाही. बिलातून आयकर, जीएसटी, 1 टक्का कामगार कल्याण उपकर, गौण खनिजाचे स्वामित्वधन अशा कपाती होतात, त्यामुळे ठेकेदाराच्या हाती पडणारी रक्कम अंदाजपत्रकापेक्षा बरीच कमी दिसते आणि लगेच 'पैसे खाल्ले' अशी चर्चा सुरू होते. मी प्रत्येक बिलाच्या कपाती कार्यालयाबाहेरच्या फलकावर लिहायला लावल्या, तेव्हा ती चर्चा थांबली. आपल्या मंडळाने हा आग्रह जरूर धरावा. काम संपल्यावर पूर्णत्वाचा दाखला व उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे निधी ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, वेळेत गेले नाही, तर गावाच्या पुढच्या मागण्या अडकतात; आणि ग्रामपंचायतीचे लेखे ऑनलाइन व लेखापरीक्षित नसतील, तर वित्त आयोगाचा पुढचा निधीच थांबतो.

इमारतीनंतर टेबल-खुर्च्या, पुस्तके आणि दिवे यांसाठी कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी मिळू शकतो. तो मात्र थेट मंडळाच्या खात्यात घ्यायचा असेल, तर मंडळाची संस्था म्हणून आणि 1950 च्या विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी हवी, आयकराची 12अ व 80जी प्रमाणपत्रे हवीत आणि 1 एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 ही असा निधी घेणाऱ्या संस्थांसाठीची नोंदणीही आवश्यक आहे. तिथे हिशेब पूर्णपणे आपला असतो. त्या निधीसाठी बँकेत वेगळे खाते ठेवावे, रोख व्यवहार टाळावेत आणि दुकानदाराची कच्ची पावती कधीही स्वीकारू नये. वर्षाअखेरीस सनदी लेखापाल पक्के बिलच मागतात.

जागा कोणाच्या नावावर आहे, हे आपण प्रश्नात लिहिलेले नाही. तिचा नमुना 8 चा किंवा सातबाराचा उतारा काढून मालकी रकान्यातील नोंद काय आहे एवढे इथे कळवले, तर कोणत्या शीर्षाखाली मागणी करावी आणि ठराव कसा लिहावा, हे मी सांगू शकेन.