इंग्लंडमधल्या जुन्या घराच्या लॉफ्टमध्ये (कौलं आणि वरच्या खोल्यांचं छत यांमधल्या पोकळीत) इन्सुलेशन, म्हणजे ऊब धरून ठेवणारा थर, घातलं तर ओल येते का?

तुम्ही १९३०च्या आसपासचं सेमी-डिटॅच्ड घर घेतलंय, लॉफ्टमध्ये दोनेक इंचांची दबलेली जुनी ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) आहे आणि तिच्यावर नवीन थर घालायचा आहे. शेजारी म्हणतात, इन्सुलेशन वाढवलं की ओल येते. दारावर आलेला माणूस म्हणतो, छताला आतून स्प्रे फोम (फवारला की फुगून घट्ट होणारा फेस) मारून घ्या, ओलीची कटकटच संपेल. आमचं घरही त्याच काळातलं आहे, म्हणून लिहितो.

शेजाऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, पण दोष ग्लासवूलचा नाही. आजवर तुमच्या खोल्यांमधली ऊब छतातून वर निसटत होती आणि लॉफ्ट फुकटात थोडा गरम राहत होता. जाड थर घातला की ही ऊब खालीच राहते आणि लॉफ्ट जवळजवळ बाहेरच्याइतका गार पडतो. २० अंशाच्या एक घनमीटर हवेत सतराएक ग्रॅम वाफ मावते, शून्य अंशाला पाच ग्रॅमसुद्धा मावत नाही. घरातली दमट हवा फटींतून वर गेली की जास्तीची वाफ कौलांखालच्या फेल्टवर (पाणी अडवायला अंथरलेल्या जाड कापडासारख्या थरावर) आणि खिळ्यांच्या टोकांवर पाणी होऊन बसते. कडाक्याच्या थंडीत सकाळी टॉर्च घेऊन वर जा. खिळ्यांवर थेंब किंवा हिम चमकत असेल तर ही वाफेची ओल. पाऊस पडून गेल्यावर एकाच जागी डाग पडत असेल तर कौल फुटलंय किंवा चिमणीच्या बुंध्याशी पाणी शिरतंय. तिथे आधी छतवाल्याला बोलवा, इन्सुलेशनचं नंतर पाहा.

म्हणजे आधी वाफ वर जाण्याच्या वाटा बुजवायच्या, मग थर घालायचा. आपल्या घरांत वाफ काही कमी नसते: कुकरच्या शिट्ट्या, उकळती डाळ, सकाळी लागोपाठ सगळ्यांच्या गरम पाण्याच्या आंघोळी आणि हिवाळाभर रेडिएटरवर वाळणारे कपडे. सगळ्यात मोठी वाट म्हणजे लॉफ्टचं झाकण. त्याच्या कडेने रबराची पट्टी लावा आणि पाठीवर इन्सुलेशनचा तुकडा चिकटवा. मग छतातून वर जाणाऱ्या पाइप-वायरींभोवतीच्या फटी भरा. बाथरूमच्या पंख्याची नळी कुठे जाते तेही पाहा. पुष्कळ घरांत ती सरळ लॉफ्टमध्येच मोकळी सोडलेली सापडते, म्हणजे आंघोळीची सगळी वाफ आपणच वर पाठवत असतो. ती नळी कौलातून किंवा भिंतीतून बाहेर काढलीच पाहिजे, आणि लॉफ्टमधून जाते तेवढ्या भागावर इन्सुलेशनही हवं, नाहीतर वाफ आतच थिजून पाणी पंख्यातून परत टपकतं.

खरी मेख वळचणीला आहे. तिथे दोन परस्परविरोधी गोष्टी सांभाळाव्या लागतात. ग्लासवूल भिंतीच्या माथ्यापर्यंत पोचली नाही तर खालच्या बेडरूममध्ये छत आणि बाहेरची भिंत मिळते तो कोपरा गार राहतो आणि नेमकी तिथेच काळी बुरशी धरते. उलट थर वळचणीत कोंबला तर बाहेरून येणारी हवा बंद होते आणि लॉफ्टमधली वाफ आतच कोंडते. उपाय म्हणजे वाशांमध्ये बसवायचे प्लॅस्टिकचे ट्रे. ट्रेच्या खाली ग्लासवूल आणि वर फेल्टपर्यंत ५० मिलिमीटरची मोकळी वाट. तुमच्या छतावर मागे कधी फेल्ट घातलं असेल तर ते बहुधा जुनं डांबरी असेल, त्यातून वाफ आरपार जात नाही. अशा छताला समोरासमोरच्या दोन्ही वळचणींना हवेची अखंड फट लागते, नेहमीच्या उताराला निदान १० मिलिमीटरची. ती करता येत नसेल तर फेल्टचे दोन पट्टे जिथे एकमेकांवर येतात तिथे ते किंचित उघडे धरणारे छोटे व्हेंट मिळतात. अडकवायला काही मिनिटं लागतात. थर घालणारे ठेकेदार याकडे हमखास दुर्लक्ष करतात, त्यामुळे भाव विचारताना 'वळचणीचं काय करणार?' हेही विचारा. उत्तर गोलमोल आलं तर दुसरा माणूस बघा.

थराची जाडी: इंग्लंडमध्ये २७० मिलिमीटरची शिफारस असते, १०० तुळयांच्या मधे आणि १७० आडवे, तुळयांवरून. जुनी लोकर कोरडी असेल तर काढू नका, तिच्यावरच घाला. पण लोकरीऐवजी चमकदार खड्यांसारखा भुसा दिसला तर हात लावू नका. तो व्हर्मिक्युलाइट (इन्सुलेशन म्हणून पसरलेलं खनिज) असू शकतो आणि जुन्या व्हर्मिक्युलाइटमध्ये कधीकधी फुप्फुसांना घातक ॲस्बेस्टॉस असतं, म्हणून आधी तपासून घ्या.

बचतीचं म्हणाल तर ४५ चौरस मीटरचं छत आणि आत-बाहेर १५ अंशांचा फरक धरा. काहीच नसेल तर छतातून साधारण दीड हजार वॉट जातात, तुमच्या दोन इंचांना साडेचारशेच्या आसपास, २७० मिलिमीटरला शंभराच्या थोडे वर. म्हणजे मोठी मजल पहिल्या थरानेच मारली आहे. तरी तुमचे साडेतीनशे वॉट वाचतात. गॅस युनिटला सहा-सात पेन्स धरला तर थंडीच्या दिवसाला साठेक पेन्स. बिल निम्मं होईल असं कोणी सांगितलं तर हसून चहा द्या आणि वाटेला लावा.

दारावरच्या फोमवाल्याला चहासुद्धा नको. वाशांना चिकटलेल्या फोमखाली लाकूड ओलं आहे की कुजलंय हे दिसत नाही. म्हणूनच अनेक बँका अशा घरावर कर्ज द्यायला नाखूश असतात आणि घर विकताना तो खरवडून काढण्याचा खर्च पदरी पडतो.

पाण्याची टाकी वर असेल तर तिच्या खाली इन्सुलेशन घालू नका. खालून येणारी थोडी ऊब तिला गोठू देत नाही. वरून आणि बाजूंनी मात्र गुंडाळा, पाइपही. विजेच्या तारा थराखाली दडपू नका, थराच्या वर काढून घ्या. छतात बसवलेले दिवे असतील तर त्यांच्यावर त्यासाठीच मिळणाऱ्या टोप्या घाला.

आणि बॅगा! भारतातून आणलेल्या बॅगा, गणपतीच्या मखराची खोकी, सगळं शेवटी लॉफ्टमध्येच जातं. ग्लासवूलवर फळ्या दाबून टाकल्या तर आतली हवा जाते आणि थराचा उपयोग बराच कमी होतो. तुळयांवर बसणारे प्लॅस्टिकचे उंच पाय घेऊन त्यांच्यावर फळ्या टाका. काम करताना पाय फक्त तुळयांवर ठेवा, मधे ठेवलात तर थेट बेडरूममध्ये उतराल. मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे लागतातच.

वर वटवाघळं दिसली तर काम थांबवा. इंग्लंडमध्ये ती कायद्याने संरक्षित आहेत, जागा रिकामी दिसली तरी परस्पर हुसकावता येत नाही.

स्वतः करायचं असेल तर दुकानातल्या सामानावर २० टक्के व्हॅट भरावा लागतो. ठेकेदाराने सामानासकट घालून दिलं तर ३१ मार्च २०२७पर्यंत तो शून्य आहे. दोन्हीकडचे भाव काढा आणि मग ठरवा.